तळाचे थेंब

...आणि ते लाल झाकण. तेवढंच कोरडं व्हायचं राहिलं होतं. फडक्यावर बाकी सगळं उपडं घालून झालं होतं – ठकीची दुधाची बाटली, तिचं रबरी बूच, मऊ कडांचा चमचा, आणि त्यांच्याच रांगेत, जणू घरातलंच एखादं भांडं असावं तशी, प्रयोगशाळेतून आलेली ती पांढरट प्लॅस्टिकची बाटली. झाकणाच्या आतल्या आट्यांमध्ये पाण्याची एक बारीक रेघ अडकली होती आणि ठकीची आई झाकण बोटांत फिरवत खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत होती. रेघ फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची, पण बाहेर म्हणून यायची नाही. पाण्याला एकदा कोपरा सापडला की ते किती हट्टी होतं... तिने झाकण फडक्यावर आपटलं. पुन्हा पाहिलं. रेघ होतीच.

"काय गं, आता बाटलीलाही न्हाऊमाखू घालतेस का?" सासूबाई दारात उभ्या होत्या, कडेवर ठकी. "काजळ लावायचं तेवढं राहिलं."

"प्रयोगशाळेची आहे, आई. त्यात पाणी भरून द्यायचंय."

"ते कळलं गं. पण पाणी तपासायचं त्यांनी. बाटली तू का तपासतेस?"

कसं सांगणार – काल संध्याकाळी नवऱ्याने कामावरून येताना ही बाटली आणली, तेव्हा तिच्या तळाशी कसलेसे चार थेंब होते. बाटली कलंडली की ते पाण्यासारखे पळत नव्हते, जरा जडपणाने सरकत होते, आणि झाकण उघडल्यावर नाकाला आंबूस झिणझिण्या आल्या. कुणाच्या तरी विहिरीचं उष्टं, तिला वाटलं होतं. कुणाच्या तरी घरचं उरलेलं, कोण जाणे कसलं, आणि त्यात मी ठकीचं पाणी भरू? नवऱ्याला विचारलं तर तो मोजे काढता काढता म्हणाला, "काउंटरवरचा काहीतरी म्हणत होता बाटलीबद्दल, पण तेवढ्यात माझी बस आली. नीट भरा, असंच असणार." मग तिने ती नीट केली. साबणाने घासली, खळखळून धुतली, उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने बाहेर काढली, जशी ती ठकीची प्रत्येक वस्तू काढायची. निदान या एका बाबतीत तरी, तिला वाटलं, बोट ठेवायला जागा नाही.

बोट ठेवायला जागा... त्या फुलीला मात्र होती. मध्यंतरी एका सकाळी पलीकडच्या वसाहतीत, ठकीची गाडी ढकलत ती एरवीसारखीच चालली होती आणि कोपऱ्यावरच्या पंपावर – जिथे बायका आदल्या दिवसापर्यंत पाणी भरत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या बादल्या पुढेमागे सरकवत होत्या – तिथे 'पिऊ नका' म्हणून लाल रंगाची फुली मारलेली. रंग ओला होता. एक ओघळ पंपाच्या दांड्यावरून खाली उतरला होता आणि ठकीने त्याकडे बोट दाखवून 'फू' म्हटलं. फूल म्हणायचं असेल तिला. तेव्हापासून आपल्या अंगणातल्या बोअरचं पाणी ती आधी उकळायची, निववायची, पुन्हा उकळायची. पाणी दिसायला इतकं निर्मळ होतं की भीती त्याचीच वाटायची. त्याला वास नव्हता, रंग नव्हता, वर तवंग नव्हता. गढूळ असतं तर भांडता तरी आलं असतं त्याच्याशी.

"मी बारा गावचं पाणी प्यायलेय," सासूबाई नेहमी म्हणायच्या, "आणि शेवटी या पाण्यावर येऊन थांबलेय. या पाण्यात चहाला जो रंग येतो तो कुठे येत नाही." आणि चहाचा कप असा उचलायच्या, जणू साक्षीदाराला पुढे करताहेत. आज मात्र म्हणाल्या, "जा बाई, एकदाचा कागद आण. तुझ्या डोक्यातला किडा तरी निघेल." आणि ठकीला घेऊन आत गेल्या, जरा जास्तच घाईने.

तिने अंगणात जाऊन पंपाचा नळ सोडला, बाटली भरली, कपड्याने पुसली आणि बस गाठली.

बसमध्ये बाटली मांडीवर होती आणि दोन्ही हात तिच्याभोवती. समोर बसलेल्या म्हातारबुवांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे, आणि जागा बदलली. कसला नमुना वाटला असेल त्यांना, तिला हसू आलं. खिडकीबाहेर नेहमीचंच चाललं होतं – लांबच लांब भिंत, भिंतीच्या वर धुरांड्यांची टोकं, मध्येच एखादं फाटक आणि त्यातून दिसणारे पिंपांचे ढीग, मग पुन्हा भिंत. ही भिंत कुठे सुरू होते ते तिला लग्न होऊन आल्यापासून कधी कळलं नव्हतं. भोंगा झाला. आता नवरा जेवायला सुटेल. बाटलीतलं पाणी बसच्या थरथरीबरोबर थरथरत होतं, वरच्या वर गोल गोल बारीक वलयं, आणि पोटात असताना ठकी अशीच – भोंगा झाला की दचकायची. पाण्याच्या आत राहून दचकायची. कुठलं पाणी होतं ते? याच बोअरचं. मी प्यायले आणि माझ्या आत ते तिच्याभोवती साठलं. म्हणजे ती पाणी प्यायला शिकली त्याच्याही आधी ती या पाण्यात...

तिने विचार तिथेच तोडला. असले विचार तोडायचे असतात, ते वाढू द्यायचे नसतात, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते तिला कधीच जमत नव्हतं.

प्रयोगशाळेच्या काउंटरवर फार गर्दी नव्हती. तिने बाटली दिली, नाव-पत्ता सांगितला, बाटलीवर चिठ्ठी चिकटली आणि ती तबकात, दुसऱ्या बाटल्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. झालं. इतकं सोपं होतं. ती पर्स बंद करत वळली आणि मागचा माणूस पुढे सरकला, धुलाईच्या कारखान्याचा असावा, बाहीवर तशी पट्टी होती. काउंटरवरचा त्याला सवयीने विचारत होता:

"आतलं ऍसिड सांडलं नाही ना?"

"नाही साहेब. तुम्ही सांगितलं होतं ना, बाटली विसळायची नाही, तळातले थेंब तसेच ठेवायचे."

"हां. नाहीतर धातू सापडतच नाहीत मग."

ती थांबली. पर्सची चेन अर्धी लागलेली. तळातले थेंब – ते जड, आंबूस, कुणाचं तरी उष्टं म्हणून मी मोरीत ओतून दिलेले... तिने तबकाकडे पाहिलं. सगळ्या बाटल्या सारख्या होत्या. लाल झाकणांची शाळेतल्या मुलांसारखी ओळ, आणि त्यात तिची कुठली हे चिठ्ठी वाचल्याशिवाय आता कुणालाच सांगता आलं नसतं.

ती भिंतीजवळच्या बाकावर बसली आणि नवऱ्याला फोन लावला.

"दिलीस?"

"दिली. पण ऐक ना, तो काउंटरवरचा तुला ऍसिडबद्दल काही म्हणाला होता का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "ऍसिड... हो गं, तेच. सांडू नका म्हणाला होता. का?"

"मी बाटली धुतली."

"मग काय, स्वच्छच झाली." मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो जरा थांबला. "त्याने काय होतं?"

"धातू सापडत नाहीत म्हणे."

"अच्छा." घास चावल्याचा आवाज. "मग राहू दे ना आता. दिलीस ना? काय येईल ते येईल. आईलाही बरं वाटेल, आणि तूही चार दिवस शांत झोपशील. तू नीट झोपून किती दिवस झालेत ते मला माहितेय."

तो हे प्रेमाने म्हणत होता. तेच तर अवघड होतं. फोन बंद झाल्यावर ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो कागद आला – येईलच आता तो, कोरा, निष्पाप, प्रत्येक धातूपुढे 'आढळला नाही' – आणि सासूबाई तो चष्मा लावून वाचताहेत, आणि चहा टाकताहेत, आणि जिन्यातल्या बायका म्हणताहेत, बघ, उगाच घाबरत होतीस. सगळ्या घराला झोप. कुणाला काही सांगायचीसुद्धा गरज नाही, नुसतं उठायचं आणि बस पकडायची. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटणारी मी एकटी, आणि ते कुठे मुरलं हे जाणणारीही मी एकटी. मीच धुऊन काढलं. आयुष्यभर स्वच्छता स्वच्छता करून शेवटी काय, तर पुरावा तेवढा स्वच्छ केला... आणि मग ठकी त्या कागदाच्या भरवशावर पाणी पिईल. पेला दोन्ही हातांनी धरते ती. पिताना पेल्याच्या वरून माझ्याकडे बघते – बघत असते की मी बघतेय ना.

ती उठली.

"माझी बाटली परत मिळेल का?"

काउंटरवरच्याने आतल्या दाराकडे हात केला. "मॅडमना विचारा."

केमिस्ट मॅडम सासूबाईंपेक्षा थोड्या लहान असतील. कापलेले पांढरे केस, दोरीला लटकलेला चष्मा. थर्मासमधून चहा ओतत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "किती लहान आहे?"

"काय?"

"मूल हो. बाटली उकळून आणणारी बाई दुसरी कोण असणार?"

तिने वय सांगितलं. उष्ट्याचंही सांगितलं. बाई मनापासून हसल्या, चहा थोडा बशीत सांडला. "बरं झालं बोललात. उद्या ही रांगेत लागली असती आणि पहिल्या नंबराने पास झाली असती. धातू पाण्यात असतो तोवर पाण्याचा असतो. पण बाटलीत दोन दिवस बसवला की हळूच भिंतीला जाऊन चिकटतो. मग वरचं पाणी साळसूद. ते थेंब त्याला चिकटू देत नाहीत, पाण्यातच धरून ठेवतात. खरं सांगायला लावतात म्हणा."

"मॅडम, मी उकळते ते पाणी. दोनदा."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या ठेवण्यातच तिला कळलं.

"जंतूंसाठी उत्तम," बाई सावकाश म्हणाल्या. "धातू उकळून जात नाहीत. पाणी आटतं, ते राहतात. आज-उद्या बाहेरचं पाणी आणा, तेवढं करा. घाबरून काही होणार नाही. अजून आपल्याला काहीच माहीत नाही, खरं ना? या, एक गंमत दाखवते, तोंड उतरवून घरी जाऊ नका."

दोनदा. म्हणजे ती रोज, वाफ हुंगत, झाकण सावरत, गॅससमोर उभी राहून... तिचे पाय बाईंच्या मागोमाग चालत होते, पण ती त्या गॅसपाशीच होती. पातेल्यात पाणी खाली खाली जात होतं आणि कडेला पांढरी रेघ उमटत होती, आणि मी ती रेघ पाहून समाधानाने म्हणायची, बघा, किती आटवलंय.

आतली खोली थंड होती आणि बारीक गुणगुणत होती. यंत्र दिसायला काहीच नव्हतं, एखाद्या मोठ्या पेटीसारखं. त्याच्या पोटात, काळ्या काचेमागे, करंगळीच्या पेरापेक्षा लहान अशी कार्बनची एक नळी होती. एक सुईसारखा हात आला, कुठल्याशा बाटलीत बुडला, एक थेंब घेऊन वळला आणि तो थेंब त्याने त्या नळीत ठेवला – ठेवला, टाकला नाही, पक्षी पिल्लाच्या चोचीत ठेवतो तसा. "आता तो वाळेल," बाई म्हणाल्या. "मग जळेल. मग बघा."

तिने काचेला डोळा लावला. काहीच नव्हतं. मग नळी लाल झाली, आणि श्वास घ्यायच्या आत पांढरी – इतकी पांढरी की तिच्या मिटलेल्या पापणीच्या आतही ती नळी दिसत राहिली.

"आणि हा दिवा," बाईंनी एका लांबट काचेच्या नळकांड्यावर हलकेच बोट ठेवलं. "याच्या पोटात शिसं आहे. याचा उजेड त्या नळीतून आरपार जातो. तांबं असो, लोखंड असो, कुणी त्याला अडवत नाही. अडवतं फक्त शिसं. प्रत्येक धातूला त्याचाच दिवा लागतो. आपल्या घरचा उजेड आपल्यालाच ओळखता येतो म्हणा."

तिने पुन्हा काचेला डोळा लावला. इस्पितळात, ठकी झाल्यावरच्या दुसऱ्या रात्री, ओळीने पाळणे होते आणि सगळी बाळं एकाच वेळी रडत होती, अगदी सारखी, कुणाचं कुठलं काही कळायला मार्ग नव्हता, आणि तरी माझ्या छातीत दूध आलं ते एकाच रडण्याला. बाकीची सगळी रडणी माझ्यातून आरपार गेली. तेव्हा मला वाटलं होतं, हे फक्त आयांनाच येतं. शिशालाही येतं. दगडाच्या, मातीच्या, लोखंडाच्या या मुक्या दुनियेत प्रत्येकाला स्वतःचा उजेड ओळखता येतो आणि मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा काटा तिला चांगला ओळखीचा होता. हा तो नव्हता.

"तो पलीकडच्या वसाहतीतला पंप," तिने विचारलं, "तिथे कुठल्या कारखान्याचं पाणी गेलं?"

"मुलामा चढवायचा एक कारखाना होता. तुमच्या जन्माआधीच बंद पडला."

"मग आत्ता कसं?"

"कारखाना बंद पडला. पाणी चालतंच आहे." बाईंनी चष्मा डोक्यावर चढवला. "तुमच्या भागात खाली बारीक वाळू आणि माती. त्यातून पाणी चालतं ते असं, की मुंगीने त्याला हसावं. तुमच्या पंपाला आज येतं ते तुमच्या लग्नाच्या आधीचं नक्की. सासूबाईंच्या लग्नाच्या वेळचं निघालं तरी मला नवल वाटणार नाही. काय शिकलात तुम्ही?"

"इतिहास."

"मग तुमच्याच विषयातलं आहे की हे."

नव्हतं. कॉलेजात तिने राजे पाठ केले होते, तह पाठ केले होते, कोण कुणाच्या गादीवर बसला ते. त्या सगळ्या गाद्यांच्या खाली अंधारात पाणी चाललं होतं, हे कुठल्याच सनावळीत नव्हतं.

बाईंनी नवी बाटली दिली. तळाशी थेंब. "पंप चालू करा आणि पाण्याखाली हात धरा. आधी पाइपातलं शिळं येईल, उन्हाने तापलेलं. मग बदलत जाईल. बदलायचं थांबलं की समजा, खालचं आलं. मग भरा. ओसंडू देऊ नका. आणि हे थेंब बरं का, कुणाचेही उष्टे नाहीत."

परतीच्या बसमध्ये तिने बाटली उभी धरली होती. थेंब तळाशी एकमेकांना शोधत फिरत होते. बाहेर तीच भिंत, तीच धुरांडी, पण आता ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती रस्त्याकडे पाहत होती, रस्त्याच्या खाली. हे सगळं – ट्रक, गोदामं, पुलाचे खांब, सकाळची पाळी संपून निघालेली माणसं, मी – एका झाकणावर उभं होतं, आणि खाली, जिथे दिवस नाही नि रात्र नाही, ते चाललं होतं, आवाज न करता, कुणाच्या भिंतीला न जुमानता, ज्याने जे ओतलं ते पोटात घेऊन. त्याला घाई नव्हती. भोंगा झाला तरी ते दचकत नव्हतं. आपण आज जे टाकतोय ते ठकीच्या मुलीला मिळेल, ती पेला दोन्ही हातांनी धरायला शिकेल तेव्हा... असा विचार याआधी आला असता तर तिने तो तोडला असता. आता तो तिने वाढू दिला. तो तुटण्याएवढा लहान राहिलाच नव्हता.

"काय, नापास झाली का बाटली?" सासूबाईंनी दार उघडता उघडता नवी बाटली पाहिली.

"मी नापास झाले, आई." आणि तिने चपला काढत सगळं सांगितलं. थेंबांचं. दिव्याचं. मग उकळण्याचं – ते सांगताना आवाज बारीक झाला. सासूबाई आता काहीतरी म्हणतील, सांगत होते मी तरी, असं काहीतरी. त्या म्हणाल्या नाहीत. ठकी त्यांच्या पायाशी डबे वाजवत होती.

"कधीचं पाणी म्हणाली ती बाई?" त्यांनी विचारलं.

"जुनं. तुमच्या लग्नाच्या वेळचंही असेल म्हणाल्या."

"तेव्हाही हेच प्यायचो आम्ही. बोअर नव्हती, हातपंप होता, याच जागी." त्या ठकीकडे पाहत होत्या, ठकीकडेच बघून बोलत होत्या. "ह्यालाही हेच पाजलं गं मी. तुझ्या नवऱ्याला. वरचं दूध याच पाण्यात कालवून."

आणि तेव्हा तिला दिसलं. इतके दिवस समोर होतं आणि दिसलं नव्हतं. चहाचा रंग, बारा गावं, कागद आण एकदाचा म्हणून सकाळी आत जाण्याची ती घाई... ही बाई पाण्याची बाजू घेत नव्हती. ती घाबरली होती. माझ्यासारखीच. माझी भीती पुढे पाहत होती, हिची मागे, आणि मागचं तर उकळूनही घेता येत नाही.

"चला आई," ती म्हणाली. "भरून टाकू. मला एकटीला नाही कळायचं."

"काय नाही कळायचं?"

"पाणी बदलायचं कधी थांबतं ते."

अंगणात ऊन कलतं झालं होतं. तिने बटण दाबलं, जमिनीच्या आत खोल कुठेतरी काहीतरी घरघरलं, पाइप थरथरला, आणि नळातून आधी हवा, मग थुंकल्यासारखं, मग धार. सासूबाईंनी लगेच बादली लावली.

"आई, हे शिळं आहे, जाऊ द्यायचंय."

"जाऊ दे ना. बादलीत जाऊ दे. फरशी पुसायला काय ताजं पाणी लागतं?" एक बादली भरली, दुसरी लागली, मग ठकीचा टब, मग कुंड्यांची झारी. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, पाणी जाणार आहे का उद्या, आणि सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "गेलंच नाही कधी, हाच तर घोटाळा."

ती धारेखाली हात धरून बसली होती. कोमट. उन्हाचं, पाइपाचं, आजचं पाणी. मग त्यात एक गार पदर आला, आला आणि हरवला, पुन्हा आला. तिने डोळे मिटले. वर येतंय ते... ज्याने धुरांडं पाहिलेलं नाही ते, जे ठकीपेक्षा जुनं आहे, माझ्यापेक्षा जुनं आहे, जे खाली अंधारात माझ्या या नळाकडे कधीपासून निघालेलं आहे आणि आज, या घटकेला पोचतंय. तिच्या हाताशेजारी दुसरा हात आला. सुरकुतलेला, अंगठीचा. सासूबाई तिच्यासारख्याच उकिडव्या बसल्या होत्या.

"अजून बदलतंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी या गावात आले त्या दिवशी असा पाऊस होता, पावसाचे दिवस नसताना. गाडीतून उतरलो आणि ट्रंकच उघडली माझी, ह्यांच्या हातातून सुटून. सगळे कपडे चिखलात. इथे ही बिल्डिंगही नव्हती, नुसतं मैदान. मी रडत होते आणि हे हसत होते." त्या थांबल्या. "जिरलं सगळं. एवढा पाऊस, आणि सकाळी बघितलं तर थेंब नाही जमिनीवर. मी म्हटलं, गेलं कुठे?"

धार पडत होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर दोघींपैकी कुणीतरी ते मोठ्याने म्हटलं असतं, आणि ते म्हणण्यासारखं नव्हतं.

"आता नाही बदलत," सासूबाई हळूच म्हणाल्या.

खरंच नव्हतं बदलत. ते ना गार होतं ना कोमट. त्याला आजच्या दिवसाशी काही घेणंदेणंच नव्हतं. कितीतरी उन्हाळे आणि कितीतरी हिवाळे एकमेकांत कालवून त्यांचं जे काही होईल ते. तिने बाटली उघडली. थेंब तळाशी होते. पाणी त्यांच्यावर पडलं, त्यांना घेऊन वर चढलं, गळ्याशी आलं आणि तिने बाटली बाजूला घेतली. ओसंडलं नाही. झाकण लावलं. उजेडाकडे धरलं, सकाळी झाकण धरलं होतं तसं. काही दिसत नव्हतं. सकाळीही दिसत नव्हतं, पण तेव्हा ते न दिसणं कोरं होतं... आता नव्हतं. जे काय असेल ते आता पाण्यातच राहणार होतं. आणि तिच्याही आत, भिंतींना इतके दिवस चिकटून बसलेलं काहीतरी सुटून मोकळं तरंगत होतं. ती भीतीच होती. पण तिला आता खोली होती, आणि तिच्यात ती एकटी नव्हती.

ठकीने टबात हात बुडवला आणि तो तसाच तोंडाकडे नेला. सासूबाईंनी झटकन तिचं मनगट धरलं आणि तळवा आपल्या बाहीला पुसला, बोट न् बोट. कालपर्यंत हे काम माझं होतं.

तिने बटण बंद केलं. घरघर थांबली, आणि नळीत उरलेलं पाणी परत निघालं. ते खाली उतरताना पाइपातून आवाज आला, लांब श्वास सोडल्यासारखा. ठकीने टबावरून मान वर केली. तिच्या आईने पाइपाला कान लावला. मग ठकीनेही लावला, पलीकडच्या बाजूने, डोळे मोठे करून, आणि पाइपाच्या आडून बघत राहिली – आई ऐकतेय ना. आवाज खाली जात होता. जिन्याखाली, पायाखाली, भिंतींच्या मुळांखाली, जात होता, बारीक होत होता... आता संपेल असं तिला वाटलं, आणि ती वाट पाहत राहिली, बाटली छातीशी धरून, पण तो संपला असं कुठेच म्हणता येईना.